एसटीतला अभ्यास धरायचा का?

आमच्या महाविद्यालयात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण चालू असताना आठवडाभर एकच सूचना वर्गावर्गांत फिरत होती: "मेल आला नसेल तर स्पॅममध्ये बघा." महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक' या राष्ट्रीय संस्थेने २०१७ साली मूल्यांकनाची पद्धत बदलली, तेव्हापासून हे सर्वेक्षण मूल्यांकनाचाच भाग झाले आहे. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांचे ई-मेल पत्ते कळवायचे आणि प्रश्नावलीचा दुवा नॅकने थेट त्यांना पाठवायचा, अशी ही रचना आहे. तिचा हेतू चांगला आहे. पण दुवा उघडणाऱ्या मुलाच्या पाठीशी त्याचेच सर उभे असतील, तर त्या हेतूचे काय होते, हे मी संगणक कक्षात पाहिले आहे.

माझी मुख्य तक्रार मात्र प्रश्नांविषयी आहे. बहुपर्यायी प्रश्न वीस, मोकळा प्रश्न एक. अभ्यासक्रम किती शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, मूल्यमापन निःपक्षपाती असते का, अशा बहुतेक प्रश्नांत करणारा शिक्षक किंवा संस्था असते आणि विद्यार्थ्याकडे केवळ साक्षीचे काम उरते. विद्यार्थी स्वतः शिकण्यात किती गुंतला, हे त्यातून फारसे कळत नाही. उत्तम नोट्स लिहून देणाऱ्या वर्गात तो पूर्ण समाधानी आणि पूर्ण निष्क्रिय, असा एकाच वेळी असू शकतो.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून २००० सालापासून चालणारे 'नॅशनल सर्व्हे ऑफ स्टुडंट एंगेजमेंट' पहिल्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच वागण्याविषयी विचारते: वर्गातल्या चर्चेत किती वेळा भाग घेतला, आठवड्यातले किती तास अभ्यासाला दिले, किती तास नोकरीत गेले. ही दिशा मला अधिक योग्य वाटते. अर्थात तिच्यावरही आक्षेप आहेत. उच्चशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक स्टीफन पोर्टर यांनी २०११ मध्ये अशा सर्वेक्षणांच्या विश्वासार्हतेवरच प्रश्न उपस्थित केला. वर्षभरात आपण काय किती वेळा केले, हे कोणाला नेमके आठवणार? शिवाय एकाचे 'बऱ्याचदा' म्हणजे दुसऱ्याचे 'क्वचित'.

तरीही द्वितीय वर्षाच्या माझ्या वर्गापुरती, नाव न लिहिता भरायची एक लहानशी प्रश्नावली मी तयार केली. आठवड्याच्या तासांपाशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, एसटीत वाचलेलं धरायचं का?" मला चटकन उत्तर देता आले नाही. अभ्यास म्हणजे टेबल, दिवा आणि बंद दार, असे मीच गृहीत धरून बसलो होतो. समोरची निम्मी मुले मात्र रोज तास-दीड तासाचा प्रवास करून येत होती.

पुढच्या सत्रात त्या प्रश्नाखाली 'घरी' आणि 'प्रवासात' अशा दोन ओळी केल्या. गठ्ठ्यातल्या पहिल्याच कागदावर 'प्रवासात'पुढे आठ लिहिलेले होते आणि 'घरी'पुढे शून्य.