उजनीची टक्केवारी बघा, मगच भिगवणला जा

जानेवारीत भिगवणला फ्लेमिंगो हमखास दिसतात, असं ज्यांनी ज्यांनी मला छातीठोकपणे सांगितलं, त्यांच्याकडून डिझेलचे पैसे वसूल करायचा विचार आहे.

पहाटे चारला पुणं सोडलं, सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर, उजाडायच्या आत उजनी धरणाच्या काठावर. आदल्या दिवशी होडीवाला फोनवर म्हणाला होता, "हजारानं हायेत, या बिनधास्त." नऊशे ठरले होते. काठावर त्याचे पंधराशे झाले, कारण रविवार. वर मोठ्या लेन्सचे दोनशे. लेन्सचे कसले? ती माझ्याच गळ्यात होती! दोन तास फिरून काय पाहिलं, तर बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांवर पंख वाळवत बसलेले पाणकावळे आणि दोन-चार नदी सुरय. फ्लेमिंगोचं पीससुद्धा नाही. परतताना विचारलं, तर शांतपणे म्हणाला, "पानी लय हाय ना सायेब अवंदा."

हे फोनवर सांगता आलं असतं.

तर मुद्दा थंडीचा नाही, पाण्याच्या खोलीचा आहे. फ्लेमिंगो मान खाली घालून, चोच उलटी धरून, पायांनी गाळ ढवळत चरतो. त्याला पोहता येतं, पण पंगतीला उथळच पाणी लागतं. उजनी भरलेली असते तेव्हा पाणी थेट उसाच्या बांधाला टेकतं, उथळ जागा उरतेच कुठे? पुढे शेतीसाठी कालव्यांना पाळीपाळीनं पाणी सुटतं, सोलापूरसाठी नदीत पाणी सोडतात, काठचे पंप ओढत राहतात, तसतसा गाळ उघडा पडतो. म्हणून निघण्याआधी पेपरात धरणाची टक्केवारी बघा.

त्यातही एक गोम आहे. उजनीत एकूण सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यातलं जवळपास 64 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी आहे. टक्के मोजतात ते वरच्या 53-54 टीएमसीचे. म्हणजे 'उजनी शून्यावर' अशी बातमी आली तरी निम्म्याहून जास्त पाणी आहेच. पाणी त्याहून खाली उतरलं की आकडा उणे होत जातो. जानेवारीत मी गेलो तेव्हा उजनी नव्वद टक्क्यांच्या वर होती, हात हलवत आलो. मार्चच्या मध्यावर टक्केवारी चाळिशीत असताना गेलो, तेव्हा समोर गुलाबी पट्टाच होता.

हो, पुन्हा गेलो. दुसऱ्या गावातून, दुसऱ्या होडीवाल्याकडे, लेन्ससकट सगळे पैसे मेसेजवर लिहून घेऊन. तुम्हीही तसंच करा.

पक्ष्यांचं वर्णन करत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. कोणी सांगत नाही तो गाळ. पाणी मागे हटलं की होडी काठाला लागत नाही, उघड्या गाळात पेरलेल्या मक्याच्या कडेनं दीडशे-दोनशे पावलं चालावं लागतं. वरचा थर वाळून भेगाळलेला दिसतो आणि माणूस त्यालाच फसतो. तिसाव्या पावलाला मी गुडघ्यापर्यंत आत. होडीवाल्यानं बांबू पुढे केला, त्याला धरून पाय निघाला, सँडल राहिला. गाळात शिंपल्यांच्या धारदार कवच्या आणि तंगूस (नायलॉनच्या) जाळ्यांचे तुकडे असतात, म्हणून अनवाणी तर मुळीच नको. घट्ट बांधता येणारे जुने कॅनव्हासचे बूट घाला, सुकी पँट गाडीत ठेवा.

मी पाय धूत असताना त्यानं मूठभर काळा गाळ तळहातावर पसरून दाखवला. वास गटाराचा, आणि त्यात दोऱ्याएवढ्या लालभडक अळ्या वळवळत होत्या. "ह्ये खायाला येत्यात." पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं. त्यावर शेवाळ पोसतं, अळ्या पोसतात. म्हणजे आपण घरून पाठवलेलंच बघायला शंभर किलोमीटर जातो. पक्षी वाढले म्हणून पाणी चांगलं, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी तो तळहात हुंगावा.

"थवा उडवून दाखवू का?" असं विचारतील. नको म्हणा. इंजिन लांबच बंद करायला लावा, पुढे बांबूनं नेऊ दे. उडालेला थवा तुमच्या फोटोसाठी उपाशी राहतो, आणि फोटोत नुसत्या पाठी येतात.

लाइफ जॅकेट नसेल तर होडीत पाय ठेवू नका, माझ्यासारखे पोहणारे असलात तरी. मे 2024 मध्ये याच जलाशयात कुगाव-कळाशी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, 6 जण गेले. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत परत काठावर या, संध्याकाळची फेरी सोडा.

मुक्काम झाला, चिलापी मासळी तळलेली खाल्ली, दुसऱ्या दिवशीचं माळरान सुखाचं गेलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

उजवा सँडल अजून तिथेच आहे. नऊ नंबर, तपकिरी. उजनी उणेत गेल्यावर कोणी गेलात तर बघा.