प्रोलॅक्टिन ६१: हार्मोनच्या रिपोर्टचा माझा अनुभव

माझ्या रिपोर्टवर प्रोलॅक्टिनपुढे, म्हणजे अंगावर दूध आणणाऱ्या हार्मोनपुढे, ६१.४ हा आकडा ठळक छापलेला होता. शेजारी वर जाणारा बाण, आणि बाजूच्या रकान्यात नॉर्मल रेंज ४.८ ते २३.३. थायरॉइडच्या तपासणीतल्या टीएसएचपुढेही तसाच बाण. एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडायॉल या पाळीशी संबंधित हार्मोनसमोर तर एका रेंजच्या जागी चार-चार रेंज दिलेल्या, आणि त्यातली माझी कुठली हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. रिपोर्ट मोबाइलवर आला रात्री, आणि डॉक्टरांची वेळ मिळाली होती परवाची. तोवर इंटरनेटवर 'प्रोलॅक्टिन जास्त' एवढंच टाकलं तरी पहिल्याच पानावर मेंदूतल्या गाठीचा उल्लेख येतो. अशा रात्री फार बायकांच्या वाट्याला येतात, म्हणून मला जे समजलं ते सविस्तर लिहिते आहे.

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. पाळी गेलं वर्षभर मागे-पुढे होत होती, कधी दीड-दीड महिना यायचीच नाही. केस गळत होते आणि दुपारी ऑफिसात डोळे मिटायचे. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "नवरात्रातली जागरणं बाधली असतील, थोडे दिवस जाऊ देत." नवरात्र गेलं, दिवाळी गेली, फरक काही पडला नाही. तेव्हा ह्यांनी एका लॅबचं 'हार्मोन प्रोफाइल' पॅकेज बुक केलं. सकाळी एक मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. नाव, वय आणि उपाशीपोटी आहात का, एवढंच त्याने विचारलं. पाळीचा कितवा दिवस, कुठल्या गोळ्या चालू आहेत, यातलं काहीच त्याच्या फॉर्मवर नव्हतं. ते असायला हवं होतं, असं मला आजही ठामपणे वाटतं.

डॉक्टरबेन गुजराती आहेत. त्या गुजरातीत बोलतात, मी अर्धं मराठी अर्धं गुजराती बोलते, आणि इतक्या वर्षांत दोघींना कधी अडलेलं नाही. त्यांनी रिपोर्टवर एक नजर टाकली आणि प्रश्न सुरू केले. शेवटची पाळी कधी आली? रक्त किती वाजता दिलं, उठल्यावर किती वेळाने? डोकं दुखतं का, दोन्ही बाजूंचं नीट दिसतं का? छातीतून दूध किंवा पाण्यासारखं काही येतं का? आधी लघवीची तपासणी करून दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून घेतली, कारण गरोदरपणात पाळी थांबते आणि प्रोलॅक्टिनही वाढतं. मग त्यांनी विचारलं, "कई कई गोळी लो छो?"

मी म्हटलं, काही नाही. बीपी नाही, शुगर नाही. तेव्हा त्यांनी एकेक करून विचारलं: केसांसाठी काही? झोपेसाठी? पित्तासाठी? पित्ताची कॅप्सूल मी रोज सकाळी घेत होते. आमच्याकडे ती डब्यात कायम असते, हेही घेतात, आईही घेतात. पर्समध्ये पट्टी होती, ती मी काढून दिली. त्यांनी ती उलटी केली आणि बारीक अक्षरांतल्या दुसऱ्या नावावर बोट ठेवलं: डोमपेरिडोन.

पित्ताच्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा दोन औषधं असतात. एक पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलसारखं, आम्ल कमी करणारं. दुसरं डोमपेरिडोन, मळमळ थांबवून पोटातलं अन्न पुढे सरकवणारं. नावाच्या शेवटी 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर ते बहुधा हेच. काही कॅप्सूलमध्ये त्याऐवजी लेवोसल्पिराइड असतं, आणि प्रोलॅक्टिनच्या बाबतीत त्याचाही परिणाम तोच.

हे कसं घडतं ते डॉक्टरबेननी कागदावर काढून दाखवलं. प्रोलॅक्टिन तयार होतं पिट्युटरी ग्रंथीत, मेंदूच्या तळाशी. इतर हार्मोनसाठी वरून 'तयार करा' असा निरोप यावा लागतो. प्रोलॅक्टिनचं मुख्यतः उलटं आहे: मेंदूतून येणारं डोपामीन त्याला सतत दाबून ठेवत असतं. डोमपेरिडोन या डोपामीनचा मार्ग अडवतं, मग दाब सुटतो आणि प्रोलॅक्टिन वाढतं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून काही डॉक्टर हेच औषध देतात, हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आणि प्रोलॅक्टिन वाढलं की एफएसएच आणि एलएच यांना मिळणारा वरचा इशारा मंदावतो, बीजकोशाचं काम लांबतं आणि पाळी पुढे जाते. अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी कित्येक महिने येत नाही, त्यामागेही हेच कारण.

म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता. प्रोलॅक्टिन खरोखरच ६१ होतं. फक्त त्याचं कारण पिट्युटरीतल्या गाठीत शोधण्याआधी माझ्या पर्समध्ये शोधायला हवं होतं. गाठीमुळे वाढतं तेव्हा आकडा पुष्कळदा शेकड्यांत असतो. २००च्या वर गेला तर गाठीची शंका बळावते, पण लहान गाठीत तो याहून कितीतरी कमीही असू शकतो. म्हणून नुसत्या आकड्यावरून 'काही नाही' असंही म्हणून चालत नाही. औषध बंद करून पुन्हा तपासायचं, आणि तरीही वाढलेलं राहिलं तर एमआरआय, असं त्यांनी सांगितलं.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढतं. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच थांबवू नयेत. लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच काय ते ठरवावं. माझी पित्ताची कॅप्सूल होती, तीही मी डॉक्टरांनी बदलून दिल्यावरच सोडली.

मग मी बाणांविषयी विचारलं. बाजूच्या रकान्यातली रेंज ठरवतात कशी? निरोगी माणसांच्या मोठ्या गटाची तपासणी करून मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे घेतात. म्हणजे धडधाकट असूनही दर २० माणसांतलं एक त्या चौकटीबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या १२ तपासण्या एकाच वेळी केल्या, तर निरोगी माणसाचीही निदान एक तरी ठळक अक्षरांत येण्याची शक्यता ४६ टक्क्यांच्या आसपास जाते. हा हिशेब मी घरी येऊन स्वतः करून पाहिला. मोठं पॅकेज घेतलं की बाण येण्याची शक्यताही मोठी होते, हे बुकिंग करताना माहीत असायला हवं.

चार-चार रेंजचं उत्तर सोपं निघालं. एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडायॉल पाळीच्या चक्राबरोबर वर-खाली जातात. पाळीनंतरचे पहिले दिवस, बीज सुटण्याचा काळ, त्यानंतरचा पंधरवडा आणि पाळी कायमची गेल्यानंतर, अशा चार रांगा असतात. बीज सुटायच्या आधी एलएच एकदम उसळतं, त्या दिवशी रक्त दिलं तर आकडा कितीतरी पट दिसतो आणि तो अगदी योग्य असतो. म्हणूनच ही तपासणी शक्यतो पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात. माझं रक्त घेतलं तेव्हा पाळी लांबलेली होती, चक्राचा कुठला टप्पा चालू आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्या आकड्यांवरून काहीही ठरवता येत नव्हतं.

माझ्या रिपोर्टमध्ये एलएच एफएसएचपेक्षा जास्त होतं, आणि नेटवर वाचून मी स्वतःला पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा बीजकोशाचा विकार, ठरवून टाकला होता. डॉक्टरबेन म्हणाल्या, त्या गुणोत्तरावरून आता कुणी निदान करत नाही. २००३ साली रॉटरडॅममध्ये ठरलेल्या निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत दिसणारे बीजकोशातले बारीक फोड. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढ बायकांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ताची तपासणीही चालेल असं म्हटलं आहे. पण पीसीओएस म्हणण्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनची कारणं वगळावी लागतात. माझ्या बाबतीत तर तीच दोन उभी होती.

थायरॉइडचं म्हणाल तर टीएसएच ५.९ होतं, रेंज ४.२ पर्यंत. हा आकडा वाढला म्हणजे थायरॉइड 'जास्त' झालं, असंच मला वाटत होतं. पण टीएसएच हे थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन नव्हेच, तेही पिट्युटरीचंच. झोपलेल्या माणसाला उठवताना हाक मोठी होत जावी, तसं थायरॉइड मंद पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवते. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड कमी. हाक मोठी झाली, पण काम होतंय का, हे फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, सांगतं. माझं ते व्यवस्थित होतं. अशा वेळी लगेच गोळी सुरू करायची गरज नसते, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. मूल हवं असलेल्या बाईसाठी मात्र निर्णय वेगळा होऊ शकतो. थायरॉइड बरंच मंद असेल तर त्यानेही प्रोलॅक्टिन थोडं वाढतं, म्हणून दोन्ही एकत्रच वाचायची.

केसांच्या गोळ्यांचं त्यांनी का विचारलं, तेही सांगते. त्यांत बायोटिन असतं, पुष्कळदा ५ किंवा १० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे शेकडो पट डोस झाला. हार्मोन मोजण्याच्या काही पद्धतींत बायोटिन वापरलेलं असतं, म्हणून रक्तातलं जास्तीचं बायोटिन मोजणीतच ढवळाढवळ करतं. टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी-४ खोटं जास्त दिसू शकतं, आणि निरोगी बाईला थायरॉइड वाढल्याचं निदान होऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात, डोस मोठा असेल तर जास्त. मी घेत नव्हते, पण माझ्या ऑफिसातल्या निम्म्या बायका घेतात.

मधल्या काळात एक वेगळाच घोळ झाला. पुण्याच्या मामेबहिणीने तिचा जुना रिपोर्ट पाठवला, त्यावर प्रोलॅक्टिन ४१०! ती घाबरली, मीही घाबरले. नीट पाहिलं तर तिचं एकक वेगळं होतं, मिली-इंटरनॅशनल युनिट प्रति लिटर. माझं नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. तिच्या आकड्याला साधारण २१ ने भागलं की माझ्या एककात येतो, म्हणजे १९. अगदी नॉर्मल. दोन रिपोर्ट शेजारी ठेवण्याआधी एकक पाहायचं. शिवाय मोजण्याची पद्धत बदलली की आकडाही थोडा बदलतो, म्हणून दुसरी तपासणी पहिल्याच लॅबमध्ये करायची.

डॉक्टरबेननी कॅप्सूल बदलून नुसतं पँटोप्राझोल दिलं, तेही थोड्याच दिवसांसाठी. आठवड्याने पुन्हा रक्त द्यायला सांगितलं, या वेळी लॅबमध्ये जाऊन. झोपेत प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणून उठल्यावर दोन-तीन तास जाऊ द्यायचे. धावत-पळत जायचं नाही, आधी थोडं बसायचं, कारण व्यायाम, ताण आणि सुईची भीती यांनीही ते चढतं. मी रावपुऱ्यातून सावकाश चालत गेले आणि तिथे अर्धा तास शांत बसले. सुई टोचणाऱ्या बेनला मी आपणहून सगळं सांगितलं आणि तिने ते फॉर्मवर लिहून घेतलं.

प्रोलॅक्टिन आलं १७.८. एमआरआय लागला नाही. पुढच्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी एफएसएच आणि एलएच पुन्हा केले, दोन्ही आपल्या रांगेत बसले. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन, तपासायचं ठरलं. ते पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी करतात. चक्र २८ दिवसांचं असेल तर तो २१वा दिवस येतो, माझं लांब असल्याने तारीख पुढे गेली. ३ नॅनोग्रॅमच्या वर आलं की बीज सुटलं असं समजतात. माझं आलं ९.

टीएसएच दुसऱ्या वेळी ५.४ होतं, आणि थायरॉइडविरुद्धची अँटी-टीपीओ ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. म्हणजे पुढे कधीतरी थायरॉइड खरंच मंद होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त. तेव्हा सध्या गोळी नाही, पण नजर ठेवायची. पुढची तपासणी होळीनंतर आहे. त्याआधी आईंच्या डब्यातली पट्टी डॉक्टरबेनना दाखवायची आहे, कारण वय झालेल्या माणसांत डोमपेरिडोन हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम करू शकतं आणि आईंना बीपीची गोळी चालू आहे.