दोडीताल: सोप्या वाटेवर काय नडतं

उत्तरकाशीच्या वर, असी गंगा नदीच्या खोऱ्यात दोडीताल हे तळं आहे. उंची तीन हजार मीटरच्या थोडी वर. वाट खेचरं चालतील इतकी मळलेली, दोन्ही बाजूंना बांज-बुरांसाचं (ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनचं) जंगल. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलेल्याला हा चढ अगदीच सौम्य वाटतो. त्यामुळेच आपल्याकडचे लोक इथे घाई करतात, आणि ती घाई अंगाशी येते.

चाल सुरू होते त्या संगमचट्टीपासून तळं एका बाजूने २१-२२ किमी. उत्तरकाशीहून तिथे जाणाऱ्या जीप सकाळी लवकर भरतात, दुपारी मिळतीलच असं नाही. पहिला मुक्काम अगोडा गावात किंवा जरा पुढे बेवऱ्याला. तिथून बरेच जण दुसऱ्याच दिवशी तळं गाठतात. पाय साथ देतात, पण रात्री डोकं ठणकतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही. कारण एका दिवसात झोपण्याची उंची सात-आठशे मीटरने वाढलेली असते. माझं मत स्पष्ट आहे: मधे मांझीला, पशुपालकांच्या झोपड्यांपाशी, एक रात्र काढा. तिसऱ्या दिवशी उरतात जेमतेम ५ किमी, तळ्यावर सकाळीच पोहोचता येतं. डोकेदुखीसोबत उलटी किंवा तोल जाणं सुरू झालं, तर गोळी घेऊन पडून राहू नका, त्याच वेळी खाली उतरा.

चाल सकाळी सहाला सुरू करायची आणि दुपारी एकच्या आत संपवायची. मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग भरतात, पाऊस येतो, कधी गारा पडतात. ओला सुती टी-शर्ट सह्याद्रीत अंगावरच वाळतो. इथे तो वाळत नाही, अंगातली ऊब तेवढी ओढून घेतो. म्हणून पॉलिस्टर किंवा लोकर वापरा, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा. सॅकवर नुसतं रेनकव्हर पुरत नाही, पाठीच्या बाजूने पाणी आत शिरतंच.

स्वयंपाकाचंही गणित बदलतं. या उंचीवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं, त्यामुळे तूरडाळ उघड्या भांड्यात शिजायला फार वेळ लागतो. मूगडाळ-तांदळाची खिचडी करा, आणि डाळ-तांदूळ तासभर आधी भिजवा. गॅसचा कॅन विमानात नेता येत नाही, तेव्हा डेहराडून किंवा ऋषिकेशला घ्या. २३० ग्रॅमचा एक कॅन दोघांना तीन-चार दिवस चहा-खिचडीपुरता पुरतो, तोही जपून वापरला तर. पहाटे ज्योत मंद होते ती बहुतेक वेळा गॅस संपल्यामुळे नाही, तर कॅन गारठल्यामुळे. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायूरूपात यायलाच तयार नसतो. कॅन रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवा.

टेंट नदीच्या पात्रात लावू नका, जागा कितीही सपाट दिसो. ऑगस्ट २०१२ मध्ये याच असी गंगेच्या पुराने खोऱ्यातले पूल वाहून नेले. तळ्याच्या काठापासूनही साठ-सत्तर पावलं मागे राहा. भांडी आणि तोंड धुवायचं पाणी वर आणून वापरा, साबण पाण्यात जाऊ देऊ नका. दोडीतालात ट्राउट मासे आहेत, आणि असी गंगा इथूनच निघते. काठावर गणपतीचं देऊळ आहे. गणपतीचा जन्म इथलाच, असं स्थानिक लोक मानतात.

दरवा खिंड ओलांडून यमुनोत्रीच्या बाजूला हनुमानचट्टीला उतरायचं असेल, तर तळ्यावर आणखी एक रात्र हवीच. खिंड ४,००० मीटरच्या वर आहे, आणि मेमध्येही तिथे बर्फ असू शकतो. वाटाड्या घ्या.

त्याच वाटेने परतणार असाल तर २१ किमी उतार बोटांवर येतो. पायाची नखं घरून निघण्याआधी कापा, आणि उतरायला लागताना नाडी घोट्यापाशी घट्ट आवळा, म्हणजे पाऊल पुढे घसरून अंगठा बुटावर आपटणार नाही.