मोहावी रोडवर, पाण्यामागे

शुक्रवार, रात्री

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, होल-इन-द-वॉलच्या कॅम्पग्राउंडवर तंबू ठोकला. उंची 4,400 फूट, त्यामुळे सूर्य कलल्याबरोबर बोटं गारठली. थँक्सगिव्हिंगचा वीकेंड आहे, तरी आजूबाजूला चारपाचच गाड्या. वाळवंटात येतंय कोण म्हणा, लोक शॉपिंगला गेलेत.

उद्या सायकलवर मार्ल स्प्रिंग्ज या झऱ्यावर जायचं. एकटीच. मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह या राखीव वाळवंटाच्या 15 लाख एकरांत एक पेट्रोल पंप नाही आणि बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, म्हणून सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र बरोबर घेतलंय. पाठीवरच्या पिशवीत तीन लिटर पाणी, फ्रेमला दोन बाटल्या, फ्रेमबॅगेत आणखी दीड लिटर. झऱ्यावर जायचं आणि पाणी मात्र घरनं वाहून न्यायचं! पण तिथलं पाणी तपासलेलं नसतं, आणि कधी आटलेलंही असू शकतं. विनोद झाला तरी चालेल, तहान नको.

या झऱ्याचंच खूळ का, हे ऑफिसात दोघांनी विचारलं. बाकी सगळे युटाहमधल्या मोआबला जातात, तिथल्या लाल खडकांवरचे व्हिडिओ टाकतात. मला मोहावी रोड हवा होता, कारण हा रस्ताच पाण्यानं आखलेला आहे. कोलोराडो नदीपासून पश्चिमेला, बार्स्टोच्या जवळपर्यंत, सुमारे 140 मैल. नकाशावर बघितलं तर उगाच उजवीडावीकडे वळतो असं वाटतं. पण त्यावर झरे मांडून बघा: पिऊट, रॉक स्प्रिंग, मार्ल, सोडा. रस्ता प्रत्येक वेळी पाण्याकडेच वळलेला दिसतो. नदीकाठचे मोहावी लोक, स्वतःला ते ‘आहा मकाव’ म्हणवतात, याच वाटेनं समुद्राकडे जाऊन शिंपले आणायचे. 1776 मध्ये स्पॅनिश मिशनरी फादर गार्सेस त्यांच्याच वाटाड्यांबरोबर इथून गेले, 1826 मध्ये फरचा अमेरिकन व्यापारी जेडेडाया स्मिथ. मग खेचरांच्या गाड्या, टपाल, आणि टपालाच्या रक्षणासाठी झऱ्याझऱ्यावर शिपायांची ठाणी. शिपाई बसवले रस्ता राखायला, पण बसवले कुठं, तर पाण्यावर.

मी जुन्नरची, त्यामुळे मला हे ऐकताक्षणी नाणेघाट आठवला. तिथं गेलेला प्रत्येक जण जकातीच्या रांजणाबरोबर फोटो काढतो. माझ्या लक्षात राहिली ती कातळात खोदलेली पाण्याची टाकी. घाट चढून आलेल्या बैलांना आणि हमालांना आधी पाणी लागणार, जकात नंतर. सह्याद्रीत ट्रेकला निघालं की पायथ्याच्या वाडीत पहिला प्रश्न तोच असतो: वर पाणी आहे का?

झोपते. वारा सुटलाय.

शनिवार

पहाटे गाडी काढली. ब्लॅक कॅन्यन रोड, मग सीडर कॅन्यन, आणि केल्सो–सीमा रोडला (केल्सो आणि सीमा ही इथल्या ठिकाणांची नावं) येऊन गाडी लावली. इथून रेल्वेमार्ग दिसतो. एक मालगाडी सीमाचा चढ चढत होती, इतकी सावकाश की डबे मोजता आले असते. ही लाइन 1905 ची. केल्सोचं स्टेशन वसलं तेही वाफेच्या इंजिनांना इथं पाणी मिळत होतं म्हणून, आणि या चढावर लावायला जादा इंजिनं तिथं ठेवायची म्हणून. बैलगाडी असो नाहीतर आगगाडी, पाण्यावाचून अडतंच.

टायरची हवा बरीच कमी केली. वाळूत टणक टायर रुततो, मऊ टायर पसरून वर राहतो. तरी पहिला मैल निम्मा ढकलतच काढला. जीपवाल्यांनी रस्त्यावर उंचवट्यांची रांगच्या रांग करून ठेवलीये. जीपला त्याचं काही नसतं, पण सायकलवर प्रत्येक उंचवट्याला उठायचं, बसायचं, उठायचं. लग्नातल्या पंगतीत वाढप्याची कंबर जाते तशी माझी गेली. मग वाळू संपून भुरभुरीत ग्रॅनाइटची खडी लागली आणि चाकं धरायला लागली.

वाट हळूहळू चढते. सीमा डोमचा हा दक्षिणेकडचा उतार. डोम म्हणजे मैलोन् मैल पसरलेला, झिजून बोथट झालेला ग्रॅनाइटचा फुगवटा, इतका सौम्य की त्यावर उभं राहून तो दिसतच नाही. दोन्ही बाजूंना जोशुआची, म्हणजे टोकदार पानांच्या युक्काची झाडं. उत्तरेकडे बघितलं की मात्र पोटात कालवतं. ऑगस्ट 2020 मध्ये वीज पडून लागलेल्या डोम फायरमध्ये 43,000 एकरांहून जास्त जळलं, आणि अंदाजे 13 लाख जोशुआ गेले. जळक्या सांगाड्यांमध्ये स्वयंसेवकांनी उंटांवर रोपं लादून नेऊन लावली होती. 1857 मध्ये लेफ्टनंट बीलनंही सैन्याचे उंट याच वाळवंटातून आणले होते. म्हणजे उंटांना इथं परत कामाला लावायला शंभरावर वर्षं आणि एक वणवा लागला.

एका जागी चोयाचा तुकडा उडून बुटाला चिकटला. चोया म्हणजे निवडुंगाची एक आडदांड जात. हात लावायचा नाही, नाहीतर तो बुटावरून हाताला येतो. अशा वेळेसाठी खिशात साधा दाताचा कंगवा ठेवते. बूट आणि चोयाच्या मधे कंगवा सरकवायचा आणि झटक्यात उडवायचा. उडाला. दोन काटे मात्र कापडातून आत आले ते आले. लगेच मागच्या टायरकडे बघितलं तर तिथंही एक होता, मुळाशी सीलंटचा, टायरातल्या भोकं बुजवणाऱ्या द्रवाचा, पांढरा थेंब. उपटला नाही. उपटला की भोक मोकळं होतं. तसाच राहू दे.

मेलबॉक्स लागला. आडरानात खांबावर एक टपालपेटी, शेजारी झेंडा, आत वही. येणारा-जाणारा नाव लिहितो. मागच्या बाजूला कुणी बेडकांची, बुटक्यांची खेळणी मांडून ठेवलीत. गंमत आहे, पण मला तिथं थांबावंसं वाटलं नाही. वहीत नाव मराठीत लिहिलं आणि निघाले.

तिथून उतार. इथं जरा बोलायचं आहे. जीपमधून पाणी ‘येतं’, म्हणजे स्क्रीनवरचा ठिपका जवळ येतो आणि उतरायचं. सायकलवर ताशी सहा-सात मैलांनी जाताना ते आधी कळायला लागतं. पहिल्यांदा बदलतात त्या जनावरांच्या वाटा. वर डोमवर सशा-कोल्ह्यांच्या पायवाटा चहूकडे फाकलेल्या होत्या. उतारावर त्या दोनाच्या एक, चाराच्या एक होत आल्या आणि सगळ्यांचं तोंड एकाच अंगाला. मग कोल्ह्यांची विष्ठा जास्त दिसू लागली, वाटेच्या मधोमध, बियांनी भरलेली. मग क्वेलचा थवा फुर्रकन उठला. क्वेल म्हणजे आपल्या तित्तिराच्या गोतातला, डोक्यावर तुरा असलेला पक्षी. तो पाण्यापासून फार लांब जात नाही. आणि सगळ्यात शेवटी, करड्या डोंगरउतारावर हिरव्याचा एक ठिपका, त्या करड्यात बसत नाही असा. जीपीएस मी तेव्हा बघितलंच नाही. लाज वाटली असती.

मार्ल स्प्रिंग्ज. लाकडी खांबांचा जुना गुरांचा वाडा, तारा ढिल्या झालेल्या, एक लोखंडी कुंड. पाइपमधून येणारी धार करंगळीएवढीसुद्धा नाही. थेंब म्हणावेत तर सलग, धार म्हणावी तर तुटक. कुंडाच्या काठाला हिरवं शेवाळ आणि शेवाळावर मधमाश्या, शेकड्यांनी, एकमेकींना खेटून. कडेच्या चिखलाला तोंड लावून पाणी शोषत होत्या. मी हातभर अंतरावर बसले तरी एकीनंही दखल घेतली नाही. चिखलात क्वेलच्या पायांचे ठसे आणि त्यावरून गेलेला कोल्ह्याचा पंजा. रात्रीचा सगळा हिशेब तिथं लिहिलेला.

पाणी इथं येतं कसं? हिवाळ्यातला पाऊस, क्वचित बर्फ, वरच्या भुसभुशीत झालेल्या ग्रॅनाइटमध्ये मुरतं. फटीफटींतून खाली सरकतं. जिथं पुढं घट्ट खडक आडवा येतो तिथं त्याला वर यावं लागतं. एवढंच. आपल्याकडे कातळाच्या थराखालून पाझर फुटतो त्याच्याच जातीचं हे काम, फक्त पाऊस इथं आपल्या एका जोरकस दिवसाएवढा वर्षभरात पडतो.

1867-68 मध्ये इथं सैन्याचं चिमुकलं ठाणं होतं. कल्पना करून बघितली. पश्चिमेला सोडा स्प्रिंग्जपर्यंत तीस-पस्तीस मैल पाण्याचा टिपूस नाही, सगळा रस्ता वाळूचा. तिकडून दमून आलेली खेचरं इथं पोचणार आणि समोर ही करंगळीची धार. एकेकाला पाजायचं, कुंड भरायची वाट बघायची, दुसऱ्याला पाजायचं. आणि ज्यांची ही भूमी, त्या लोकांना पाण्याच्या तोंडाशी बंदुका दिसणार. चेमेहुएवी या इथल्या दुसऱ्या मूळ जमातीच्या क्षारगीतांमध्ये (सॉल्ट साँग्ज) वाटेवरच्या पाणवठ्यांची नावं ओळीनं येतात, मयताच्या जागरणाला रात्रभर गातात. ज्या जागेचं नाव रात्र जागून गातात, तिथं ठाणं बसवलं की भांडण होणारच. तक्रार करायची तर त्या शिपायांचीही नाही, त्यांनाही तहानच लागत होती.

अर्धा तास बसून उठले. जास्त बसू नये. माणूस काठावर असला की जनावर येत नाही. इथं पाण्यालगत मुक्कामाला मनाई आहे ती त्याचसाठी, आणि हा नियम मला मनापासून पटतो.

परतीचा चढ लिहिण्यासारखा नाही. वारा समोरून. दशम्या संपल्या, चिक्की उरली.

संध्याकाळी बेकर गावाला आले. तिथं 134 फुटी थर्मामीटर उभा आहे, डेथ व्हॅलीत 1913 साली नोंदवलेल्या 134 फॅरनहाइटची आठवण म्हणून. आज तो 61 दाखवत होता. रेंज आली तसा आईला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ, चहा चाललेला.

“सापडला का झरा?”

“सापडला.”

“कसं होतं पाणी?”

“प्यायले नाही गं. गुरांच्या कुंडातलं, तपासलेलं नाही.”

“अगं, एवढी तंगडतोड करून घोटभर पाणीसुद्धा प्याली नाहीस? मग गेलीस कशाला?”

मधमाश्यांचं सांगितलं. ती म्हणाली, “बरं, जेवलीस का?”

रविवार, घरी

सायकल धुतली. साखळीतून निघालेल्या वाळूत कुंडीतलं रोप लावता आलं असतं. आता पिऊट स्प्रिंग. प्रिझर्व्हमध्ये बारमाही वाहणारा ओढा तेवढा एकच, काठाला कॉटनवूड आणि विलोची झाडं, आणि जवळ जुन्या लष्करी ठाण्याच्या दगडी भिंती. भोवतालचा भाग विल्डरनेस, म्हणजे वाहनांना बंदी असलेलं राखीव रान, असल्यानं सायकल आत चालत नाही. म्हणजे ती अलीकडे ठेवून पुढं पायी. फेब्रुवारीत जमेल, उन्हाळ्यात तर नावच काढायचं नाही. त्याआधी मागच्या टायरात सीलंट भरायचंय, तो काटा अजून तिथंच आहे.