किल्लारीचा भूकंप आणि 40 मिनिटांचा तास: माझा अनुभव

औसा तालुक्यातल्या आमच्या शाळेत सातवीच्या मुलांची भूकंपाच्या अभ्यासकांशी ऑनलाइन भेट घडवली. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट इथल्या घराघरात ठाऊक आहे, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही, माणूस शोधावा लागला. विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांच्या संकेतस्थळांवर प्राध्यापकांचे ईमेल मिळतात. ‘मुलांना मार्गदर्शन करा’ एवढ्यावर कुणी तारीख देत नाही. इयत्ता, पटसंख्या, मराठीतून बोलायचं आहे हे, दोन तारखा आणि मुलांचेच पाच प्रश्न लिहून पाठवले, तेव्हा काम झालं.

ते प्रश्न मुलांनी आजी-आजोबांशी बोलून आणले होते. ‘पत्र्याची घरं वाचली, माळवदाची का पडली?’ हा आधीच पोचल्यामुळे प्राध्यापक सरांनी भिंतीचा आडवा छेद काढून ठेवला: दगडांचे दोन थर, त्यांना आरपार बांधणारा दगड नाही, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं. हादऱ्याने थर सुटतात आणि माळवद खाली येतं. आयत्या वेळी विचारलं असतं तर हे चित्र मिळालं नसतं.

सगळ्यात जास्त जीव खातो तो आवाज. चित्र अडकलं तरी चालतं, आवाज तुटला की मुलं सुटतात. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून सतरंज्या अंथरल्या आणि खिडक्यांना चादरी लावल्या. एकाच खोलीत दोन फोन बैठकीला जोडलेले असले की शिट्टी वाजते. जोडणी एकाच लॅपटॉपवरून ठेवा. स्पीकर वायरचा घ्या, ब्लूटूथने आवाज मागे पडतो. माइक एका खुर्चीपाशी ठेवला. विचारणारा तिथे येऊन बसतो, प्रश्न संपला की माइक म्यूट. पलीकडून उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढं थांबायची सवय मुलांना आदल्या दिवशीच लावावी लागते.

रंगीत तालीम त्याच खोलीत, त्याच वेळेला करा, कारण रेंज वेळेनुसार बदलते. तासाला साधारण 1 जीबी डेटा धरा. हॉटस्पॉटच्या फोनवर कॉल आला की काही सिमकार्डांवर नेट तुटतं, म्हणून त्याचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवून ठेवा. लाईटचा भरवसा नाही, तेव्हा लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर.

झूमच्या मोफत खात्यावर बैठक 40 मिनिटांत बंद पडते. 10 मिनिटं सरांची, बाकी मुलांची, अशी वाटणी केली. तरी चार प्रश्न उरले. ते मुलांच्याच आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले.