सप्त्याच्या मंडपात केबल कोणती न्यायची?

परभणी-हिंगोलीकडं सप्ते, भारुडं, गोंधळ रेकॉर्ड करत असतो. लोक माईकबद्दल विचारतात, रेकॉर्डरबद्दल विचारतात. केबलचं कुणी काढत नाही. माझं मत उलटं आहे. हातात पैसे कमी असतील तर माईक साधा घ्या, पण केबलमध्ये काटकसर करू नका.

गावातला मंडप डोळ्यांपुढं आणा. डीपीवरून ओढलेली लाईन, बांबूंना गुंडाळलेल्या हॅलोजनच्या वायरी, मागं जनरेटर. साध्या डायनॅमिक माईकचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, आणि त्याला खेटून 230 व्होल्ट. त्यातून 50 हर्ट्झची घूं शिरते. संबळ कडाडत असतो तोवर ती दबून राहते. गोंधळी तुणतुण्यावर एकटा गायला लागला की तीच आधी कानात येते. पुढं फिल्टर लावून काढायला गेलं तर मृदंगाच्या कणीक लावलेल्या तोंडाचा घुमारही तिच्यासोबत जातो. हे मला अजिबात सहन होत नाही, त्या घुमाऱ्यासाठी तर आपण एवढ्या लांब आलेलो असतो!

म्हणून माईकला बॅलन्स्ड एक्सएलआरच, म्हणजे तीन पिनांची, आत दोन तारा आणि त्यांच्यावर धातूची जाळी असलेली केबल. दोन नंबरच्या पिनवर सुलटा सिग्नल, तीनवर उलटा, एक नंबरला जाळी. आतल्या दोन्ही तारा एकमेकींना पिळलेल्या असल्यानं बाहेरची घरघर दोघींत सारखीच शिरते. रेकॉर्डर दोघींतला फरक तेवढा घेतो, घरघर तिथंच कटते. जनरेटर किंवा डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचं यंत्र) जवळ असेल तर चार तारांची स्टार-क्वाड घ्यावी, चुंबकीय त्रास तिच्यात आणखी कमी होतो.

दुकानात मी केबलचं टोक सोलूनच बघतो. तांब्याची विणलेली जाळी दाट हवी, बोटानं सारली तरी आतला रंग दिसता कामा नये. नुसत्या फॉइलची केबल भिंतीत कायमची बसवायला ठीक. रोज गुंडाळली-उलगडली की फॉइल फाटतं. पिनचं सोल्डरिंगही उघडून बघायचं. कंडेन्सर माईकला (बाहेरून वीज लागणाऱ्या माईकला) 48 व्होल्ट लागतात, ते याच केबलीतून जातात आणि त्यांची परतीची वाट जाळीतूनच असते. जाळीचा टाका सुटला की ऐन हरिपाठात माईक बंद. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांना जास्तीचे पैसे मी देत नाही.

कीबोर्डवाल्याची जॅकची वायर पाच-सहा मीटरच्या पुढं नेऊ नये, तिथून डीआय बॉक्स (जॅकचा सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी) लावून एक्सएलआर ओढावी. लाईटची वायर आडवी आलीच तर काटकोनात ओलांडायची, तिच्या कडेनं केबल पळवायची नाही.

आणि दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी लावा. माझी दहा मीटरला पिवळी, वीसला लाल असते. काल्याच्या दिवशी आवराआवरीत मंडपवाल्याच्या आणि आपल्या काळ्या केबली एकाच पोत्यात जातात.