बनगरवाडीचा माळ, लेगोच्या ठोकळ्यांत

लेगोच्या ठोकळ्यांतून एखाद्या कादंबरीतले दृश्य उभे करायचे ठरवले की बांधणाऱ्याचा हात सहसा आधी वास्तूकडे वळतो. गलबत, किल्ला, वाडा, निदान एखादी गढी तरी त्याला हवी असते, आणि भोवतालची जमीन ती वास्तू टेकवण्यापुरती हिरवी पाटी होऊन राहते. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ बांधायला घेतली तर हा क्रम चालत नाही. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर शाळामास्तर म्हणून गेलेल्या तरुणाची ही गोष्ट. तिच्यात वाडा नाही, वेस नाही, आणि नाव घेण्याजोगी नवी इमारत एकच आहे, ती म्हणजे मास्तरच्या पुढाकाराने गावाने अंगमेहनतीने उभारलेली तालीम. बाकी सगळा माळ आहे. गेले काही महिने माझ्या घरातल्या मोठ्या टेबलावर हा माळच आकार घेतो आहे आणि त्याच्या एका अंगाला गाव आहे.

पहिला प्रश्न प्रमाणाचा होता आणि बरेचसे पुढचे निर्णय त्यातच होऊन गेले. १९७८ पासून लेगोच्या संचांत दिसणारा हात हलवणारा माणूस साधारण चार सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे प्रमाण सुमारे चाळीसास एक असे पडते. त्या प्रमाणात नऊ मीटर लांबीचे एक घर बावीस-तेवीस सेंटिमीटर होते. अशी दहा-बारा घरे आणि त्यांच्यामधले बोळ मांडले की खोली भरेल, आणि ज्याच्यासाठी खटाटोप करायचा तो माळ दाराबाहेर राहील. म्हणून मी दीडशेस एक हे प्रमाण धरले. ठोकळ्याच्या माथ्यावरचे गोल उंचवटे म्हणजे स्टड; दोन स्टडांच्या मध्यांतले अंतर आठ मिलिमीटर असते, ते या प्रमाणात सव्वा मीटरच्या किंचित आत येते. साध्या ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर म्हणजे जवळपास दीड मीटर, म्हणजेच एक माणूस, आणि ३.२ मिलिमीटर जाडीची, एका स्टडाची गोल प्लेट (प्लेट म्हणजे ठोकळ्याच्या एक तृतीयांश उंचीचा पातळ तुकडा) म्हणजे खाली मान घालून चरणारे एक मेंढरू. ठोकळ्यांचे माप आणि जिवंत प्राण्यांचे माप इतके आपसूक जुळल्यावर दुसऱ्या प्रमाणाचा विचार करण्याचे कारण उरले नाही. दोन्ही बाजूंना अठ्ठेचाळीस स्टड असलेल्या पायाच्या सहा पाट्या, म्हणजे बेसप्लेट, तीन रुंदीला आणि दोन खोलीला, असा एकूण पट ११५ बाय ७७ सेंटिमीटर होतो. त्यातला जेमतेम चौथा भाग मी गावाला दिला आहे.

माणदेश हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सांध्यावर तो पसरला आहे. लांबून सपाट वाटणारी ही जमीन चालू लागले की सपाट नसते. ती हळूच उचलते, हळूच उतरते, मधेच ओघळ येतो, पुन्हा चढ लागतो. ठोकळ्यांत हे दाखवणे हे सगळ्या कामातले सर्वांत किचकट काम आहे, कारण उंची वाढवायची तर किमान एका प्लेटने वाढवावी लागते आणि ती पायरी डोळ्याला लगेच दिसते. दहा-बारा स्टडांमागे एक प्लेट एवढाच चढ ठेवला तर तो माळाचा चढ वाटतो, त्याहून उभा केला तर टेकाड होते. शिवाय प्लेटची कड सरळ रेषेत धावू द्यायची नाही. तिरप्या कडांच्या प्लेट उलटसुलट लावून ती कड तोडत न्यावी लागते, कुठे तीन स्टड आत घ्यावी लागते, कुठे एक बाहेर काढावी लागते, नाहीतर माळ न दिसता सर्व्हेच्या नकाशावरच्या समोच्च रेषा दिसू लागतात. पोटात काय भरायचे ते कोणी पाहणार नसते. तिथे लहान मुलांचे ड्युप्लोचे मोठे ठोकळे बसवले आहेत, कारण त्यांची मापे बरोबर दुप्पट असतात आणि नेहमीचे ठोकळे त्यांच्यावर घट्ट बसतात. त्यामुळे माळाच्या पोटात लाल, निळा आणि पिवळा असा भडक गोंधळ आहे.

मागच्या कडेला मात्र पायऱ्यांचा दोष गुण होऊन आला. दख्खनचे पठार लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचे आहे. टणक थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतरता होतो, आणि वर सपाट माथा उरतो, म्हणून इथले डोंगर मुळातच पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. आल्प्ससारखे टोकदार शिखर ठोकळ्यांत करणाऱ्याला उतरत्या ठोकळ्यांचे ढीग लागतात. माझ्या डोंगराला ते फारसे लागले नाहीत. गडद करड्या ठोकळ्यांचा एक थर उभा, त्याखाली तपकिरी उतार, पुन्हा एक करडा थर, आणि माथ्यावर टाइल, म्हणजे वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट, एवढ्यावर तो ओळखीचा झाला. हा डोंगर मी मुद्दाम फार लहान प्रमाणात ठेवला आहे, उंची नऊ-दहा सेंटिमीटरच, म्हणजे समोरून पाहताना तो दोन-तीन कोस दूर असल्यासारखा वाटतो. मागच्या रांगेतली घरेही याच हेतूने एकेक स्टडाने आखडली आहेत.

रंगांच्या बाबतीत निवड कमी आणि काटेकोर आहे. फिकट मातकट, गडद मातकट आणि लालसर तपकिरी या तीन रंगांवर माळाचा नव्वद टक्के भाग चालतो. राखी हिरवा वापरला तोही तरवडाच्या झुडपांपुरता आणि बांधाच्या कडेपुरता. खरा फरक रंगापेक्षा पृष्ठभागाने पडतो. गुळगुळीत टाइल लावली की तिथे पावसाने धुऊन काढलेला मुरूम दिसतो, स्टड उघडे ठेवले की कुसळी गवताचे खुंट किंवा विखुरलेले दगडगोटे दिसतात. दोन्ही सारख्या प्रमाणात पेरले तर अंगणात रांगोळी घातल्यासारखे होते; म्हणून टाइलचे मोठे पट्टे आणि स्टडांचे आटोपशीर पुंजके अशी विभागणी मी केली. भारतात हे मातकट रंग सुटे मिळवणे हा वेगळाच व्याप आहे. परदेशी विक्रेत्यांकडून मागवावे तर टपालखर्च आणि सीमाशुल्क ठोकळ्यांच्या किमतीला भारी पडते, त्यामुळे वाळवंटाचे आणि प्राचीन मंदिरांचे जुने संच मोडून बराच माळ त्यातूनच काढला आहे.

कादंबरीची सुरुवात पायवाटेने होते, मास्तर एकटा चालत वाडीकडे येतो, म्हणून पायवाट हा या देखाव्याचा कणा असावा असे माझ्या मनाने घेतले होते. एक स्टड रुंदीची वाट म्हणजे या प्रमाणात सव्वा मीटर. माणसाच्या एकेरी पाऊलवाटेला हे जास्त होते, पण त्याहून अरुंद टाइल नाही. यावर उपाय असा की वाटेच्या टाइल अर्ध्या स्टडाने सरकवायच्या. त्यासाठी जम्पर नावाची प्लेट असते, तिच्या दोन स्टडांच्या जागी मधोमध एकच स्टड असतो. चार-पाच टाइल सरळ, मग एक जम्पर, मग पुन्हा सरळ, असे करत गेले की वाट काटकोनात न वळता पायाने पडलेल्या वाटेसारखी अंग मुरडत जाते, आणि बाजूच्या टाइलमध्ये जी अर्ध्या स्टडाची फट राहते तिची सावली वाटेची कड होऊन बसते. पुढच्या डाव्या कोपऱ्यातून निघून ही वाट चावडीपुढच्या लिंबापाशी संपते. तिच्यावर पांढऱ्या गोल प्लेटांचा एकच माणूस आहे. तो मास्तर हे सांगावे लागत नाही. ज्याने पुस्तक वाचले आहे तो आपणहून त्याच्याकडे बोट दाखवतो.

घरांविषयी फार सांगण्यासारखे नाही. त्या भागातली जुनी घरे मातीच्या धाब्याची, म्हणजे छप्परही जमिनीच्याच रंगाचे. भिंत छपराहून एक छटा गडद ठेवली नाही तर घर आणि जमीन एकमेकांत विरून जातात. तालीम तेवढी काळ्या-करड्या दगडी रंगात, सगळ्या घरांहून एका ठोकळ्याने उंच आणि अर्धवट बांधलेली आहे, कारण पुरी झालेली इमारत नुसती उभी राहते आणि अर्धवट इमारतीभोवती माणसे गोळा करता येतात. कादंबरीत सगळा गाव एका कामाला लागतो तो याच जागी.

मेंढरांनी मला सर्वांत जास्त आनंद दिला. मेंढी म्हटले की पांढरी करण्याचा मोह होतो, पण दख्खनी मेंढी बहुतांशी काळी, आणि काळी घोंगडी तिच्याच लोकरीची. म्हणून कळपात काळ्या गोल प्लेटा जास्त, मधे काही तपकिरी, एखादी पांढरी. कळप चालताना एकमेकांना चिकटून चालतो आणि चरताना पसरतो, तेव्हा वाडग्यातून बाहेर पडणारी मेंढरे स्टडाला स्टड लावून आणि पुढे माळावर दोन-तीन स्टड सोडून अशी मी मांडली. कळपामागचा धनगर म्हणजे एक काळी प्लेट, तिच्यावर एक पांढरी आणि वर लाल मुंडाशाची एक टाइल.

काही गोष्टी या प्रमाणात बसत नाहीत आणि त्या ओढून बसवू नयेत असे माझे मत झाले. औताला एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला धनगराची बायको, हा कादंबरीतला प्रसंग करून दाखवा असे एका मित्राने आग्रहाने सुचवले. तीन प्लेटांच्या बाईला मान नसते, पाठीचा बाक नसतो. तिथे दोन ठिपके शेजारी दिसतील आणि ज्याला प्रसंग माहीत आहे त्यालाही काही कळणार नाही. तो प्रसंग मोठ्या प्रमाणात स्वतंत्रपणे करण्याचा आहे. कारभारी आणि आनंदा रामोशी यांचेही तसेच. हे लोक चेहऱ्याने आणि बोलण्याने उभे राहतात, आणि माझ्या माळावर कोणालाच चेहरा नाही.

दुष्काळाचा प्रश्न शेवटी आला. कादंबरीत वाडी भरलेली दिसते आणि दुष्काळात जित्राबे घेऊन माणसे निघून जातात तेव्हा ती रितीही दिसते. देखाव्याला मात्र एकच वेळ दाखवता येते. ठोकळ्यांची सोय अशी की प्रत्येक मेंढरू आणि प्रत्येक माणूस एकाच स्टडावर टेकलेला आहे आणि नखाने उचलला की निघतो. लिंबाच्या पाल्याचे तुकडे, तरवडाची झुडपे आणि बांधावरचा हिरवा पट्टा हेही मी तसेच सुटे ठेवले. हे सगळे काढून डबीत भरायला फार वेळ लागत नाही, आणि जिथे मेंढरे होती तिथे नुसते उघडे स्टड राहतात, जे माळावरच्या दगडांत मिसळून जातात. तालमीच्या भिंतींवर मात्र त्या वेळी वरचे थर चढवावे लागतात, कारण दुष्काळापर्यंत ती बांधून झालेली असते. म्हणून तिचा वरचा भाग एक वेगळा तुकडा करून ठेवला आहे.

आता राहिला आहे तो ओढा. पुढच्या उजव्या कोपऱ्यात त्याच्यासाठी आठ स्टड रुंद खाचर सोडलेले आहे. त्यात निळ्या टाइल घालणे सोपे आहे, पण या मुलखातल्या ओढ्याला वर्षातले बरेच महिने पाण्यापेक्षा वाळूच जास्त असते, आणि माणसे वाळूत झरा खोदून वाटीवाटीने घागर भरतात. त्यामुळे फिकट मातकट टाइलचे पात्र, मधे एका स्टडाएवढा खळगा आणि त्याच्या तळाशी एकच पारदर्शक गोल टाइल, असा माझा विचार चालला आहे. ती टाइल फिकट निळी घ्यावी की बिनरंगाची, एवढेच ठरायचे आहे. बिनरंगाची असली की तिच्यातून खालचा मातकट रंग दिसतो, आणि सध्या माझा कल तिकडे आहे.